टीडीएस नंतर, आधी सोकपिट: विहीर, सिवरेज लाईन आणि साळ नदीबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मडगावजवळ नावेलीला घर आहे, परसात जुनी विहीर, घराला संडासाची टाकी आणि सोकपिट (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा), आणि शेजारी नवीन बिल्डिंग उभी राहिली तिचंही सोकपिट तुमच्या कुंपणाला लागूनच. आरओ विकायला आलेल्या माणसाने विहिरीच्या पाण्यात दोन तारा घालून पाणी तपकिरी करून दाखवलं, मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मात्र 70 आला. रस्त्यावरून सिवरेज लाईन गेलीय पण बाबा म्हणतात आपली टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही, कनेक्शन कशाला घ्यायचं. मग पाणी प्यायचं की नाही, कनेक्शन घ्यायचं की नाही, आणि सिवरेज जातं त्या प्लँटमध्ये खरंच काही करतात की सगळं तसंच साळ नदीत सोडतात.

मी सुरुवातीला पाण्याच्या लॅबमध्ये होते आणि नंतरची सगळी नोकरी एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, चालवण्यातच झाली, त्यामुळे तुमचे हे सगळे प्रश्न मला एकच वाटतात. गोव्यात जमिनीखाली जांभा आहे आणि जांभ्यात तुमची विहीर, तुमचं सोकपिट, शेजाऱ्याचं सोकपिट आणि खालचा व्हाळ (ओढा) हे सगळं आतून जोडलेलं असतं. जे आपण संडासात ओततो त्याचा हिशोब लागेपर्यंत पाण्याचा हिशोब लागत नाही.

आधी त्या दोन तारांचं सांगते, कारण त्याने खूप लोक घाबरतात आणि पंधरा-वीस हजार घालवून बसतात. त्या यंत्रात एक दांडी लोखंडाची आणि एक अॅल्युमिनियमची असते, करंट सोडला की लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तपकिरी गाळ होऊन दिसतो. म्हणजे तो रंग तुमच्या पाण्यातला नाहीच, त्याच्या दांडीचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून करंट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं, बस. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि परत तारा घालायला सांगा, तेही तपकिरी होईल.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि ते छोटं मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये टीडीएसची मर्यादा 500 मिग्रॅ प्रति लिटर आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. आपल्याकडे एवढा पाऊस पडतो आणि जांभ्यात विरघळण्यासारखे क्षार कमी, त्यामुळे विहिरींचा टीडीएस बऱ्याचदा शंभराच्या आतच असतो. अशा पाण्याला आरओ लावणं म्हणजे नसलेले क्षार काढायचे आणि वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं. आपल्या पाण्याची खरी खोड आहे ती पीएचची, मानक 6.5 ते 8.5 सांगतं आणि आपल्या विहिरी कितीतरी ठिकाणी त्याच्या खाली असतात, म्हणून जीआय पाईप लवकर गंजतात आणि तांब्या-पितळेच्या नळाखाली बेसिनवर हिरवट डाग पडतात.

आता मुख्य गोष्ट, मीटरला काय दिसत नाही ती. वीस लिटरची बादली घ्या आणि त्यात 50 मिली सांडपाणी पडलं असं समजा, म्हणजे अर्ध्या कपाहून कमी. सांडपाण्याचा टीडीएस साधारण 500 धरला तर बादलीतला टीडीएस वाढेल एखाद्या आकड्याने, 70 चा 71 होईल, मीटरच्या चुकीतच जाईल ते. पण कच्च्या सांडपाण्यात दर 100 मिलीमागे फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, दहा लाख ते एक कोटी असतात, चारशे पट पातळ केले तरी अडीच हजार ते पंचवीस हजार उरतात. पिण्याच्या पाण्यात मानकाप्रमाणे 100 मिलीमध्ये ई. कोलाय (त्यातलाच एक जंतू) एकही सापडता कामा नये. रंग नाही, वास नाही, चव नाही, टीडीएस 71, आणि त्यातून टायफॉइड, कावीळ, जुलाब काहीही घरात येऊ शकतं.

म्हणून टेस्ट करायची ती ई. कोलायची, नायट्रेटची, क्लोराइडची, अमोनियाची, पीएच आणि गढूळपणाची, आणि विहिरीला तांबडा थर येत असेल तर लोह आणि मँगनीजची. जिथे जवळपास खनिजाचे डंप आहेत, डिचोली-सांगेच्या बाजूला, तिथे मँगनीज मुद्दाम करून घ्या. टेस्ट कधी करायची हे त्याहून महत्त्वाचं. लोक एप्रिल-मेमध्ये विहीर उपसताना पाणी देतात टेस्टला, पण जूनचा पहिला जोराचा पाऊस होऊन विहीर चढली की आठवड्याभरात घेतलेला नमुना खरं सांगतो, कारण तेव्हा वरचं सगळं धुवून खाली आलेलं असतं. बाटली लॅबची निर्जंतुक घ्या, घरची धुतलेली बिसलेरीची बाटली चालत नाही. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतून हात लावायचा नाही, बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो सहा तासांत लॅबमध्ये पोचवा. दुपारभर स्कूटरच्या डिकीत तापलेला नमुना आला तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही, मग तो चांगला येवो की वाईट. आरोग्य खात्याकडे एचटूएसची छोटी बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं झालं तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा चांगलाच संशय घ्यायचा, पहिल्या चाचणीला ती पुरेशी आहे.

रिपोर्ट हातात आला की क्लोराइड आणि नायट्रेट हे दोन आकडे एकत्र वाचायचे. माणसाच्या लघवीत मीठही असतं आणि नायट्रोजनही, म्हणून दोन्ही बरोबर वाढलेले दिसले तर सोकपिटकडे बोट दाखवायचं. नुसतं क्लोराइड वाढलंय, नायट्रेट जागेवर आहे आणि तेही उन्हाळ्यात, तर खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) किंवा समुद्राच्या बाजूने खारं पाणी आत शिरतंय. अमोनिया दिसला तर घाण अगदी ताजी आहे, जवळूनच येतेय. नायट्रेटची मर्यादा 45 मिग्रॅ प्रति लिटर आहे आणि तिथे सूट नाही, लहान बाळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्यात त्याने अडथळा येतो. आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं वाढतंच. तिथे मात्र आरओचा उपयोग आहे, पण 45 च्या वर नायट्रेट गेलेल्या विहिरीचं पाणी बाळाला द्यायचंच नाही, नळाचं द्या.

आता बाबांच्या टाकीबद्दल, त्यांचा मान राखून सांगते. संडासाची टाकी पंधरा वर्षं भरली नाही ही चांगली खूण नाही. घरात माणसं राहतात तर गाळ साठणारच, साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. साठत नसेल तर बहुतेक टाकीला तळच नाही, जुन्या घरांत जांभ्याचे चिरे नुसते रचून खड्डा करायचे आणि त्यालाच टाकी म्हणायचे, म्हणजे सगळं सरळ जमिनीत जातंय. नाहीतर टाकी गाळाने भरून गेलीय आणि आलेलं सगळं वरच्या वर सोकपिटमध्ये ढकलतेय. आणि टाकी उत्तम बांधलेली असली तरी ती करते किती, जड गाळ खाली बसवते, तेल-साय वर ठेवते आणि मधलं पाणी पुढे सोडते. ते पाणी दिसायला जरा निवळ असतं पण जंतूंच्या हिशोबाने अजून सांडपाणीच आहे. खरी सफाई पुढच्या मातीने करायची असते, आणि आपल्याकडे ती मातीच नाही. विहीर आणि सोकपिटमध्ये 15 ते 18 मीटर ठेवा असं पुस्तकं सांगतात, ते बारीक मातीसाठी ठीक आहे, तिथे पाणी हळूहळू गाळत जातं. जांभा फोडलेला तुम्ही पाहिला असेल, आतून बोट जाईल एवढी भोकं, काही ठिकाणी चक्क बोगदे. त्यातून पाणी गाळत नाही, पळतं. पावसाळ्यात तर जमिनीतलं पाणी एवढं वर येतं की सोकपिटचा तळच पाण्यात बुडतो, मग तुमचं सोकपिट आणि तुमची विहीर एकाच पाण्यात उभी असतात.

कनेक्शन होईपर्यंत काय करायचं, तर विहिरीत ब्लीचिंग पावडर, पण मापाने. पंचायतीचा माणूस येऊन मुठी मारून जातो त्याने एक दिवस वास येतो आणि दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. हिशोब सोपा आहे, चांगली ताजी पावडर हजार लिटरला 2.5 ग्रॅम. विहिरीचा व्यास अडीच मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर 0.785 गुणिले 2.5 गुणिले 2.5 गुणिले 4, म्हणजे साडेएकोणीस हजार लिटरच्या आसपास, पावडर लागेल 50 ग्रॅम. ती आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, बादली तीन चतुर्थांश भरा, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने विहिरीत सोडून खालीवर हलवा. चुना विहिरीत टाकू नका. एक तास थांबा आणि क्लोरीन तपासा, विहिरीत 0.5 मिग्रॅच्या आसपास दिसलं पाहिजे, न दिसल्यास घाण जास्त आहे, परत डोस द्या. उघड्या पिशवीत ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन आपल्या दमट हवेत उडून जातो, तेव्हा डबा घट्ट बंद ठेवायचा. आपल्या आंबट पाण्याचा इथे मात्र फायदा होतो, पीएच कमी असला की क्लोरीन जास्त जोराने मारतो. एवढं करूनही प्यायचं पाणी उकळा, क्लोरीनला दाद न देणारे परजीवी असतात. यूव्हीचं यंत्र आहे त्यांनी लक्षात ठेवा, पाणी गढूळ असेल तर प्रकाश जंतूपर्यंत पोचतच नाही.

साळ नदीचं आता. वेर्णाच्या बाजूने येऊन मडगाव, नावेली, चिंचोणे, असोळणे करत ती बेतुलला समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले त्यात गोव्याचे 11 होते, आणि साळ त्यातच. नदीचं दुखणं समजायला बीओडी समजला पाहिजे. घाण खायला बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, किती वापरतील तो आकडा म्हणजे बीओडी, आपल्याकडे नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे 200 ते 300 मिग्रॅ असतो. आणि आपल्या उन्हाळ्यात, 30 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळी लिटरमागे साडेसात मिग्रॅ. मग 250 ला साडेसातने भागा, एक लिटर सांडपाणी जवळजवळ तेहतीस लिटर स्वच्छ नदीचा सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं. पावसात नदी वाहती असते, वरून हवा मिळत राहते, निभावतं. पण एप्रिल-मेमध्ये वरून येणारं पाणी नाममात्र, खालून भरती येऊन तेच पाणी परत वर ढकलते, घाण तिथेच घुटमळते, तळाचा ऑक्सिजन संपतो आणि मग हायड्रोजन सल्फाइडचा तो कुजलेल्या अंड्याचा वास मडगावच्या खारेबांधच्या पुलावरून जाताना नाकात बसतो. अंघोळीच्या लायक नदीत ऑक्सिजन किमान 5 आणि बीओडी जास्तीत जास्त 3 पाहिजे, फीकल कोलिफॉर्म दर 100 मिलीमागे 500 च्या आत असावेत आणि कुठल्याही परिस्थितीत 2500 च्या वर नकोत.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते खुबे-तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं. ते प्राणी दिवसभर पाणी गाळून त्यातलं खातात, म्हणजे नदीतले जंतू स्वतःत गोळा करतात. पिढ्यान् पिढ्या ओहोटीला चिखलात उतरून ते काढणाऱ्या बायका आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, आणि ही घाण त्यांनी केलेली नाही. ती आपल्या घरांतून, बिल्डिंगांमधून आणि रात्री व्हाळात पाईप सोडणाऱ्या टँकरमधून येते. टाकी उपसायला टँकर बोलावलात तर तो कुठे रिकामा करणार ते विचारा, प्लँटवर नेणार असेल तर तिथली पावती मागा.

प्लँटमध्ये काय होतं तर, आधी जाळ्या. प्लास्टिक, कपडे, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, हे सगळं माणसाला दाताळ्याने ओढून काढावं लागतं. मग रेती बसवतात, तेल वेगळं करतात. पुढे खरं काम बॅक्टेरिया करतात. मोठ्या टाकीत खालून ब्लोअरने हवा सोडायची, विरघळलेला ऑक्सिजन 2 च्या आसपास ठेवायचा, आणि एका लिटरमध्ये तीन-चार ग्रॅम जिवंत गाळ तरंगत ठेवायचा, तो घाण खातो आणि वाढतो. पणजीचा टोंकचा प्लँट एसबीआर पद्धतीचा आहे, म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने पाणी भरणं, हवा देणं, हवा बंद करून गाळ बसू देणं आणि वरचं निवळ पाणी काढणं. मग क्लोरीन. वाढलेला गाळ काढून, पाणी पिळून सुकवतात.

सकाळी ड्यूटीवर आल्यावर मी आधी संगणकाचा पडदा बघत नाही, एक लिटरचा काचेचा सिलिंडर घेऊन हवेच्या टाकीतून भरते आणि अर्धा तास हात न लावता ठेवते. गाळ चॉकलेटी पाहिजे आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास पाहिजे. दोन-तीन मिनिटांत त्याचे कण एकमेकांना धरतात, वरून पाण्याची स्पष्ट रेघ दिसते आणि ती सरकत खाली येते. अर्ध्या तासाने गाळ 250-300 मिलीवर आला आणि वरचं पाणी आरपार दिसलं तर प्लँट ठीक आहे. गाळ 800 वरच अडून बसला तर धाग्यासारखे बॅक्टेरिया वाढलेत. काळा पडून वास मारतोय तर हवा कमी पडतेय. पांढरा साबणासारखा फेस असेल तर गाळ कोवळा आहे. मायक्रोस्कोपखाली देठावर डोलणारे घंटेसारखे व्हॉर्टिसेला दिसले की मला बरं वाटतं, ते चांगल्या पाण्यातच टिकतात.

आणि एक त्रास खास आपल्याकडचा. लघवीतला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलणारे बॅक्टेरिया वेगळे असतात, एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनला ते 4.57 मिग्रॅ ऑक्सिजन आणि 7.14 मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) खातात. सांडपाण्यात अमोनिया 35 असला तर 250 अल्कलिनिटी पाहिजे, आणि आपलं पाणी मुळातच मऊ, तेवढी नसतेच. मग टाकीचा पीएच घसरतो, ते बॅक्टेरिया थांबतात आणि बाहेर जाणारं पाणी निवळ दिसूनही अमोनिया तसाच राहतो. उपाय म्हणजे मधेमधे हवा बंद ठेवून नायट्रेटचं वायूत रूपांतर होऊ द्यायचं, त्यात निम्मी अल्कलिनिटी परत मिळते, किंवा सरळ चुना घालायचा. बाहेरून आणलेलं डिझाइन आणि वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही, ते इथल्या पाण्यावर बसवावं लागतं.

म्हणजे तुमच्या शंकेचं उत्तर, हो, नीट चालवला तर 250 चा बीओडी 10 च्या खाली येतो, राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तोच आकडा धरायला सांगितलाय. पण प्लँट बिघडतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळे. सगळ्यात वाईट महिने जून-जुलै, कारण लोक अंगणातलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी सिवरेजच्या चेंबरला जोडतात, रस्त्यात पाणी तुंबलं की कोणीतरी चेंबरचं झाकण उघडून देतं, आणि प्लँटवर दुप्पट-तिप्पट पाणी धावून येतं आणि महिनोन्महिने वाढवलेला जिवंत गाळ वाहून नदीत जातो. डिसेंबरात हॉटेलांच्या किचनचं तेल. आणि औषधं संडासात टाकू नका, ती बरीचशी प्लँटमधून तशीच पुढे जातात, त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

तर कनेक्शन घ्या, नक्की घ्या. घेताना प्लंबरला तीन गोष्टी सांगा. पावसाचं पाणी वेगळं, ते सिवरेजला अजिबात नको. स्वयंपाकघराच्या मोरीला लाईनच्या आधी तेल अडवणारं छोटं चेंबर, आणि ते दर पंधरवड्याला साफ. जुनी टाकी मधेच ठेवायची नाही, टँकर बोलावून पूर्ण उपसायची, तळ फोडून रेती-खडीने भरायची, नाहीतर तिच्यात पाणी साचून डास होतात आणि झाकण खचून एखादं मूल आत पडतं. कनेक्शन झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि परत टेस्ट करा, जमिनीत मुरलेलं एकदम जात नाही.

शेजारच्या बिल्डिंगबद्दल आधी सोसायटीशीच बोला, लाईन त्यांच्याही दारावरून गेलीय. ऐकलं नाही तर रिपोर्टची प्रत जोडून पंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हेल्थ ऑफिसरला लेखी द्या, 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना येऊन पाहणी करायचा अधिकार आहे. पाहणीला आले की डाय टेस्ट मागा. बिल्डिंगच्या संडासातून फ्लुरोसीन नावाचा हिरवा रंग सोडतात आणि तुमच्या विहिरीत रोज पाणी बघतात, जांभ्यात कधी कधी एक-दोन दिवसांतच हिरवी झाक येते. फक्त रंग आला नाही म्हणून त्यांना मोकळं सोडू नका, फ्लुरोसीन आंबट पाण्यात फिका पडतो आणि चिकणमातीला चिकटतो, आपल्याकडे दोन्ही आहे. त्यामुळे त्याबरोबरच महिनाभर दर आठवड्याला क्लोराइड आणि नायट्रेट पण मोजायला लावा, आणि स्वतःचं सोकपिट त्याआधी बंद करा म्हणजे आकडे कोणाचे यावर वाद राहणार नाही.